कोमटपणा (ख्रिस्ती श्रद्धेतला)

कोमटपणा म्हणजे श्रद्धा सोडलेली नाही, नाकारलेलीही नाही, पण तिच्यात जीव उरलेला नाही अशी अवस्था. माणूस रविवारी चर्चला जातो, मुलांचे बाप्तिस्मे वेळेवर होतात, डिसेंबरात दारावर स्टार लागतो, लग्नही चर्चमध्येच होतं, आणि तरी देव असला काय नसला काय, सोमवार ते शनिवार त्याच्या जगण्यात काही फरक पडत नाही. ख्रिस्ती श्रद्धेला कमकुवत करणाऱ्या वृत्तींची चर्चा निघाली की लोक आधी शंका, नास्तिकपणा, विज्ञान, शहरी जीवन असल्या गोष्टींकडे बोट दाखवतात, पण चर्चच्या दोन हजार वर्षांच्या अनुभवात सगळ्यात जास्त धोक्याची ठरलेली वृत्ती ही कोमटपणाचीच आहे, कारण ती आतून कळत नाही. ताप आला तर अंग सांगतं, हे कोणीच सांगत नाही.

शब्द आला कुठून

शब्द बायबलमधलाच आहे. नव्या करारातलं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण, त्यात आशिया प्रांतातल्या (म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायांना, सात पत्रं आहेत, त्यातलं सातवं लावदिकीयाच्या मंडळीला, अध्याय ३, ओवी १४ ते २२. बहुतेक अभ्यासक हे लेखन इ.स. ९५ च्या आसपासचं मानतात. बाकीच्या मंडळ्यांत काही ना काही अडचणी आहेत, कुठे खोटी शिकवण शिरलीय, कुठे छळ चाललाय, पण त्यांचं थोडंफार कौतुकही आहे, अगदी मेलेली म्हटलेल्या सार्दीसच्या मंडळीतही काही माणसं चांगली निघतात. लावदिकीयाच्या वाट्याला मात्र कौतुकाचा एक शब्द नाही. आणि गंमत नाही, खरंच लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तिथे छळ नाही, पाखंड नाही, भांडणाचाही उल्लेख नाही. सगळं व्यवस्थित चाललंय. फक्त तुम्ही गरमही नाही आणि थंडही नाही, कोमट आहात, म्हणून मी तुम्हाला तोंडातून ओकून टाकीन, असं येशू तिथे म्हणतो. एवढं कडक बोलणं बाकीच्या सहा पत्रांत कुणाला उद्देशून नाही असं मला तरी वाटतं.

पाण्याची गोष्ट

हे गाव कुठलं ते समजल्याशिवाय पत्र नीट कळत नाही. लावदिकीया हे लायकस नदीच्या खोऱ्यातलं श्रीमंत शहर, आजच्या देनिझली शहराजवळ त्याचे अवशेष आहेत. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सेल्युसिड राजा दुसरा अँटिओकस याने वसवलं आणि बायकोच्या, लाओडिसच्या, नावाने नाव दिलं. उत्तरेला साधारण १० किलोमीटरवर हिएरापोलिस, जिथले गरम पाण्याचे झरे आणि पांढरेशुभ्र चुन्याचे पायऱ्या-पायऱ्यांसारखे कडे आज पामुक्काले नावाने लाखो टुरिस्ट बघतात. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथे डोंगरातून येणारं थंड पाणी. मधे लावदिकीया. तिथलं पाणी लांबून दगडी पाइपांतून आणलेलं, त्या पाइपांच्या आत साचलेला चुन्याचा जाड थर आजही उघड्या डोळ्यांनी दिसतो. इ.स. ११४ मधला एक शिलालेखही तिथे सापडलाय, शहराचं पाणी घाण करणाऱ्याला किंवा चोरून वळवणाऱ्याला दंड सांगणारा. म्हणजे पाणी हा त्या गावाचा रोजचा विषय होता.

पूर्वी सगळीकडे असाच अर्थ सांगायचे की गरम म्हणजे भक्तीने पेटलेला, थंड म्हणजे अविश्वासी, आणि देवाला कोमटापेक्षा अविश्वासी परवडतो. प्रवचनात अजूनही हेच ऐकू येतं. १९५० च्या दशकात रडविक आणि ग्रीन या दोन अभ्यासकांनी वेगळं मांडलं, की गरम पाणी औषधी असतं, थंड पाणी तहान भागवतं, दोन्ही कामाची, कोमट पाणी मात्र कशाच्याच कामाचं नाही, तेव्हा इथे भावनेचं तापमान मोजलेलं नाही, उपयोग विचारलाय. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर गेलेल्या माणसाला हे लगेच पटेल, कडक पाण्यात अंग शेकायला लोक लांबून येतात, आणि उन्हातून आल्यावर माठातलं गार पाणी मागतात, पण उन्हात तापलेल्या बाटलीतलं पाणी घोटभर घेऊन थुंकून टाकतात. काही अभ्यासक म्हणतात की संदर्भ झऱ्यांचा नसून जेवणाच्या टेबलावरचा आहे, त्या काळी वाइनमध्ये गरम किंवा गार पाणी मिसळत. मला पहिला अर्थ जास्त पटतो, पण दोन्हीत मुद्दा एकच राहतो, ज्याला तहान लागलीय त्याला तुमच्याकडून काय मिळतं.

मूळ दुखणं

कोमटपणा हे लक्षण झालं, रोग पत्रातच पुढच्या ओवीत आहे. मंडळी म्हणते, मी श्रीमंत आहे, मी धन मिळवलंय, मला कशाची गरज नाही. हे त्या गावाचं बोलणंच होतं. इ.स. ६० मध्ये मोठा भूकंप झाला, शहर पडलं, आणि रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो की लावदिकीयाने रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर शहर पुन्हा उभं केलं. पैशाचे व्यवहार इतके मोठे की रोमन मुत्सद्दी सिसेरो इ.स.पू. ५१ मध्ये गव्हर्नर म्हणून आला तेव्हा त्याने हुंडी वटवायला हेच गाव धरलं होतं. भूगोलकार स्ट्राबो इथल्या मेंढ्यांच्या मऊ काळ्या लोकरीचं वर्णन करतो, आणि जवळच्या देवळाशी जोडलेल्या वैद्यकीय शाळेचंही. आता पत्रात काय सांगितलंय बघा: माझ्याकडून सोनं विकत घ्या, पांढरी वस्त्रं घ्या, डोळ्यांत घालायला अंजन घ्या. बँका असलेल्या गावाला सोनं, काळ्या लोकरीच्या गावाला पांढरे कपडे, वैद्यांच्या गावाला डोळ्यांचं औषध! ज्या-ज्या गोष्टीचा अभिमान, तिथेच बोट ठेवलंय.

म्हणून कोमटपणाची व्याख्या करायची तर 'उत्साह कमी' अशी करून चालत नाही. गरज संपलीय असं वाटणं, हा तो प्रकार आहे. ज्याला देवाची गरजच वाटत नाही तो प्रार्थना कशाला करेल, आणि केलीच तरी ती हजेरी लावण्यासारखी होते. पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मत्तय १३) काट्यांत पडलेलं बी मरत नाही, ते उगवतं, फक्त संसाराची काळजी आणि पैशाचा मोह त्याला गुदमरवतात आणि पीक येत नाही, तेही याच जातीचं.

जे कोमटपणा नाही

इथे खूप घोटाळा होतो आणि त्याने चांगल्या माणसांना उगाच त्रास होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

शंका म्हणजे कोमटपणा नाही. मार्क ९ मध्ये आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर, आणि येशू त्याला हाकलत नाही, मुलगा बरा होतो. येशू मेलेल्यांतून उठला हे हात लावून बघितल्याशिवाय मानणार नाही असं त्याचा शिष्य थोमा म्हणाला, तोच थोमा भारतात आला असं आपली परंपरा मानते. प्रश्न विचारणारा माणूस अजून देवाशी बोलतोय, भांडतोय, त्याचं नातं चालू आहे. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथातही मुद्दाम केलेली शंका आणि न कळत येणारी अडचण वेगळी धरलीय, आणि कोमटपणाला श्रद्धेविरुद्धच्या पापांत न टाकता प्रेमाविरुद्धच्या पापांत टाकलंय, उदासीनता आणि कृतघ्नपणा यांच्या शेजारी. ही जागा मला फार बरोबर वाटते.

कोरडेपणा हाही कोमटपणा नाही. प्रार्थनेला बसलं की काहीच वाटत नाही, मन दगडासारखं, असं कित्येकांचं होतं आणि ते घाबरतात. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत क्रूसाचे योहान यांनी फरक सांगितलाय, कोमट माणसाला आपण कोमट आहोत याचं काही वाटत नाही, कोरड्या काळातून जाणाऱ्याला मात्र आपण देवापासून लांब गेलो की काय याचीच सतत टोचणी असते. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा जगाला कळलं की कित्येक वर्षं त्यांना आत अंधारच जाणवत होता, आणि त्याच वर्षांत कोलकात्यातलं त्यांचं रोजचं काम एक दिवस थांबलं नाही. त्यांना कोमट कोण म्हणेल?

तिसरा प्रकार म्हणजे अकेडिया, याला मराठीत नेमका शब्द नाही, 'आळस' म्हणतात पण तो पुरत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे साधू इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) यांनी त्याला दुपारचा सैतान म्हटलंय, सूर्य हलतच नाही असं वाटतं, साधू सारखा खिडकीबाहेर बघतो, कोणी भेटायला येतंय का बघतो, मग ही जागाच वाईट, हे लोकच वाईट, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं असं मन म्हणायला लागतं. आज मोबाईल हातात घेऊन बसलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. अकेडिया कोमटपणाच्या दारापर्यंत नेते पण तिच्यात निदान तळमळ असते, साधू अस्वस्थ असतो. लावदिकीया अस्वस्थ नव्हती.

जेसुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी मात्र एक इशारा दिलाय तो विसरू नये, कोरडेपणा येण्याची जी कारणं ते सांगतात त्यात पहिलंच कारण आपलाच कोमटपणा आणि हयगय हे आहे. म्हणजे प्रत्येक कोरडेपणाला संतांची काळोखी रात्र (क्रूसाच्या योहानांनी अशा कोरड्या काळाला दिलेलं नाव) म्हणून मोकळं होता येत नाही.

पुढच्या काळातले आवाज

चर्च जिथे जिथे राज्याचं झालं किंवा सवयीचं झालं तिथे कोणीतरी उठून हेच बोललंय. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी १७४१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये 'जवळजवळ ख्रिस्ती' माणसावर प्रवचन दिलं, प्रामाणिक, सभ्य, चर्चला नियमित, पण देवावर प्रेम नसलेला, आणि कितीतरी वर्षं आपण स्वतः तसेच होतो हेही त्यांनी सांगितलं. डेन्मार्कमध्ये तत्त्वज्ञ किर्केगार्ड १८५५ मध्ये मरेपर्यंत सरकारी चर्चशी भांडले कारण तिथे जन्माला आला की माणूस ख्रिस्ती धरला जायचा. जर्मनीत पाळक बोनहॉफर यांनी १९३७ मध्ये 'स्वस्त कृपा' हा शब्द वापरला, पश्चात्ताप नको, मागे चालणं नको, फक्त क्षमा हवी, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्यांना फाशी दिलं. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनच्याच अधिकाऱ्यांसमोर १५ आजार वाचून दाखवले, त्यातला पहिला होता आपल्यावाचून अडतं असं वाटणं.

मराठी मंडळीत

महाराष्ट्रात ख्रिस्ती अल्पसंख्य आहेत आणि इथे कोमटपणा वेगळ्या वाटेने येतो. श्रद्धा हळूहळू 'समाज' होते. आपला समाज, आपली माणसं, आपलं स्मशान, आपली शाळा, आणि हे सगळं जपण्यासारखंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही, पण नाव जपण्याच्या धडपडीत ज्याचं नाव लावतो तोच मागे राहतो. सोयरीक जमवताना अजूनही आधीची जात विचारली जाते, मंडळीच्या जागेवरून कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालतात, आणि रविवारी तीच माणसं एका बाकावर बसून शांतीचं चिन्ह म्हणून हात मिळवतात. नामधारी ख्रिस्ती हा शब्द आपल्याकडे दुसऱ्यासाठी वापरतात. मी ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस नेमाने टाळलंय आणि भावाशी महिनोन्महिने बोललो नाही, तेव्हा हा शब्द मला आधी स्वतःला लावावा लागला.

उलट दिशेने झालेले प्रयत्नही इथलेच आहेत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या सुरुवातीला रोज एकत्र प्रार्थना सुरू केली, आधी थोड्या जणी, मग शेकडो, आणि त्या जूनमध्ये तिथे जे उज्जीवन (श्रद्धेचं पुन्हा पेटणं) झालं त्याची बातमी परदेशापर्यंत गेली. रडणं, पाप कबूल करणं, रात्र-रात्र प्रार्थना, असं सगळं. लक्षात घ्यायचं ते हे की त्या बाया-मुलींपैकी कितीतरी दुष्काळातून वाचून आलेल्या होत्या, मला कशाची गरज नाही असं म्हणण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

नारायण वामन टिळकांची वाट आणखी वेगळी. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला मिशनच्या पगारावर चालणारी, पाश्चात्य साच्यातली मंडळी आतून थंड होत चाललीय असं वाटायला लागलं, आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला, 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही ख्रिस्तभक्त चालणार होते. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांचे अभंग मात्र राहिले, मराठी उपासनेत आजही म्हणतात, पेटी-तबल्यावर, चाल सगळ्यांना पाठ, पुस्तक उघडावंही लागत नाही.