बर्फ पडायच्या आधीच दुधाचा रॅक रिकामा का होतो?

इथे न्यू जर्सीत वादळाची बातमी आली की सगळ्यात आधी दूध संपतं. बर्फाचा एक कण पडलेला नसतो, बाहेर लख्ख ऊन असतं, आणि दुकानात दुधाच्या रॅकवर फक्त ते बदामाचं नि ओटचं दूध उरलेलं असतं जे एरवीही फारसं कोणी उचलत नाही. एडिसन गावातल्या ओक ट्री रोडवर, म्हणजे देसी दुकानांच्या रस्त्यावर, तर अजून मजा, तिथे दुधाबरोबर फ्रोझन पराठे, मेथीच्या जुड्या, दह्याचे मोठे डबे आणि पार्ले-जी पण जातं, आणि बिलाच्या लाइनीत प्रत्येक जण फोनवर कोणाला तरी विचारत असतो, "अगं, किती इंच म्हणतायत?" इथला जुना जोक आहे की दूध, ब्रेड आणि अंडी तिन्ही एकदमच गायब होतात म्हणजे वादळात सगळं गाव फ्रेंच टोस्ट करत बसणार.

नवीन आलेल्याला हा वेडेपणा वाटतो. मलाही वाटायचा, आपण मुंबईची माणसं, पाऊस येणार म्हणून दूध कोण साठवतं, छत्री घ्यायची आणि नेहमीची लोकल पकडायची. पण थोडं खोदलं की कळतं, या गडबडीतल्या बहुतेक सवयींमागे कुठलं ना कुठलं जुनं वादळ आहे.

आधी वादळ कसं बनतं ते. याला नॉरईस्टर म्हणतात, कारण किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो. कॅनडाकडून थंड हवा खाली उतरलेली असते, समुद्रात गल्फ स्ट्रीम या प्रवाहाचं गरम पाणी असतं, आणि या दोघांच्या सीमेवर कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याला चिकटून वर सरकतो. हा पट्टा पन्नास मैल इकडे सरकला तर पाऊस, पन्नास मैल तिकडे सरकला तर नुसता वारा, आणि बरोब्बर मधे बसला तर दोन फूट बर्फ. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन ही सगळी शहरं नेमकी त्या रेषेवर ओळीने बसलीत. म्हणून अंदाज देणाऱ्याची इथे कायम कसोटी.

आता १८८८. मार्चच्या १० तारखेला, शनिवारी, न्यूयॉर्कमध्ये हवा चक्क वसंतासारखी होती. तेव्हा हवामानाचं काम लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होतं, आणि येतंय ते किती मोठं आहे याची शहराला कल्पनाच नव्हती. रविवारी पाऊस, मध्यरात्रीनंतर बर्फ, आणि सोमवारी सकाळी लोक सवयीने कामाला निघाले आणि अडकले. उंच खांबांवरून धावणाऱ्या गाड्या मधेच थांबल्या, खाली हुशार मंडळींनी शिड्या लावल्या आणि पैसे घेऊन पॅसेंजर उतरवले (धंदा कुठेही निघतो). टेलिग्राफचे खांब तारांसकट आडवे झाले, इतके की न्यूयॉर्कहून बोस्टनला निरोप पाठवायचा तर तो समुद्राखालच्या केबलने लंडनला जाऊन परत यायचा. शहरात २१ इंच बर्फ, कनेक्टिकटमध्ये काही ठिकाणी ५० इंचांपर्यंत, आणि एकूण ४०० च्या वर माणसं गेली. त्यातली निम्मी न्यूयॉर्कमधली. रॉस्को कॉन्कलिंग म्हणून मोठे राजकारणी होते, ते वॉल स्ट्रीटच्या ऑफिसातून घरी चालत निघाले, युनियन स्क्वेअरपाशी बर्फात कोलमडले, कसेबसे पोहोचले पण महिन्याभराने वारले.

या वादळाने दोन गोष्टींना जोरात धक्का दिला, तारा जमिनीखाली घालणं आणि जमिनीखालची रेल्वे. बोस्टनची सबवे १८९७ ला आली, न्यूयॉर्कची १९०४ ला. आणि हवामानाचं खातं १८९१ मध्ये लष्कराकडून काढून शेती खात्याखाली मुलकी झालं, अर्थात त्यामागे इतरही भानगडी होत्या.

मधली बरीच वर्षं सोडतो आणि १९६९ ला येतो, कारण तिथून बर्फ हा राजकारणाचा विषय झाला. ९ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये १५ इंच पडला, म्हणजे तसा काही विक्रमी नाही, पण शहराची जवळपास ४० टक्के बर्फ काढायची यंत्रं नादुरुस्त पडलेली, आणि क्वीन्स भागातले रस्ते कित्येक दिवस कोणी साफच केले नाहीत. ४२ जण दगावले, त्यातले निम्मे क्वीन्सचे. राल्फ बंच, नोबेल मिळालेले संयुक्त राष्ट्रांचे मोठे अधिकारी, क्वीन्समध्येच राहायचे, त्यांनी महापौर जॉन लिंडसेंना तार केली की ऑफिसला पोहोचायच्या हिशोबाने मी आल्प्समध्ये राहिलो काय नि इथे काय, सारखंच. लिंडसे भेट द्यायला गेले तर लोकांनी तोंडावर हुर्यो केली, आणि जूनमध्ये पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवारीसाठीची पक्षातली निवडणूकसुद्धा हरले, नंतर दुसऱ्या तिकिटावर निवडून आले ते वेगळं. शिकागोत तर दहा वर्षांनी, १९७९ ला, बर्फ नीट न काढल्याचा राग महापौर मायकल बिलँडिक यांना थेट भोवला आणि जेन बर्न यांनी त्यांना हरवलं. तेव्हापासून कुठलाही महापौर वादळाच्या आदल्या दिवशी जाड जॅकेट घालून, रस्त्यावरचा बर्फ वितळवायच्या मिठाच्या ढिगासमोर उभा राहून पत्रकार परिषद घेतो ती उगाच नाही.

पण दूध-ब्रेडची भीती खरी बसवली ती, निदान बोस्टनकडचे लोक सांगतात त्याप्रमाणे, १९७८ ने. आणि ही गोष्ट मुंबईकराला लगेच कळेल. अंदाज होता. बर्फ सकाळी लवकर सुरू होईल असं सांगितलेलं होतं. सोमवार, ६ फेब्रुवारी, लोकांनी सकाळी खिडकीतून बघितलं, काहीच नाही, म्हणाले हे हवामानवाले नेहमीचेच, आणि कामावर गेले. बर्फ सुरू झाला तो ऑफिसं भरल्यावर. दुपारी सगळे एकदम घरी निघाले तेव्हा तासाला दोन-दोन इंच पडत होता, आणि बोस्टनबाहेरच्या रूट १२८ वर ३,००० कार आणि ५०० ट्रक जिथल्या तिथे रुतले. लोकांनी ऊब म्हणून इंजिन चालू ठेवलं, मागचा एक्झॉस्टचा पाइप बर्फात गाडला गेला, धूर आत, आणि १४ जण त्या रस्त्यावर गाडीत बसल्या बसल्या गेले. २६ जुलै २००५ ला दुपारी जे ऑफिसातून निघाले आणि बंद गाडीत अडकले त्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

बोस्टनमध्ये २७.१ इंच पडला. मॅसॅच्युसेट्स राज्यात गाड्या चालवायला आठवडाभर बंदी, रस्त्यावर नॅशनल गार्डचे (राखीव दलाचे) सैनिक, दुकानात माल येणार कुठून, लोक मुलांच्या स्लेजवर किराणा ओढत आणायचे. गव्हर्नर मायकल डुकाकिस रोज स्वेटर घालून टीव्हीवर यायचे, तो स्वेटर अजून लोकांच्या लक्षात आहे. आज तुमच्या फोनवर दुपारी १ वाजता ऑफिसचा मेल येतो ना, "उद्या घरूनच काम करा", तो मला तरी त्या रूट १२८ वरून आल्यासारखा वाटतो.

अंदाज सुधारला कसा, तर अपमानातून. १९७९ च्या प्रेसिडेंट्स डेला, म्हणजे फेब्रुवारीतल्या सुट्टीला, वॉशिंग्टनवर जवळपास १९ इंच पडला आणि तो आधी नीट कोणाला दिसलाच नव्हता. लुई उचेलिनी नावाचे शास्त्रज्ञ त्या वादळाच्या मागे लागले, वर्षानुवर्षं त्याची चिरफाड केली. मग मार्च १९९३. त्या वेळी हेच उचेलिनी राष्ट्रीय हवामान केंद्रात अंदाजाच्या कामाचे प्रमुख होते, आणि वादळ येतंय हे पाच दिवस आधी सांगितलं गेलं, काही राज्यांनी पहिला कण पडायच्या आत आणीबाणी लावली. असं पूर्वी झालं नव्हतं. तरी अडीचशेच्या वर माणसं गेलीच, इतकं ते मोठं होतं, पण "आधीच बंद करा" ही पद्धत तिथून रुळली. हवामान खात्याचे आत्ताचे दोन इशारे, वॉच आणि वॉर्निंग, पण समजून घ्या, वॉच म्हणजे होऊ शकतं, तयारीत राहा, आणि वॉर्निंग म्हणजे येतंयच. ब्लिझर्ड (बर्फाचं तुफान) म्हणायला तर बर्फाची जाडी लागतच नाही, उडणारा बर्फ, ताशी ३५ मैलांचा वारा आणि पाव मैलाच्या आतली दृश्यता, सलग ३ तास, बस.

आधीच बंद करण्याची दुसरी बाजू २०१५ ला दिसली. जानेवारीच्या २६ ला न्यूयॉर्कला दोन-तीन फुटांचा, ऐतिहासिक वगैरे अंदाज, गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंनी बर्फासाठी इतिहासात पहिल्यांदा सबवे बंद केली. गंमत म्हणजे रूळ मोकळे राहावेत म्हणून गाड्या रात्रभर रिकाम्या फिरतच होत्या. सकाळी सेंट्रल पार्कमध्ये मोजलं तर ९.८ इंच. वादळ थोडं पूर्वेला सरकलं होतं, लाँग आयलंडच्या पूर्व भागात आणि बोस्टनला खरोखर दोन फूट पडला. आमच्या भागाचा अंदाज देणाऱ्या ऑफिसच्या एका अधिकाऱ्याने तर ट्विटरवर जाहीर माफी मागितली. लोकांनी टर उडवली, पण सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३, हे आपण बघितलेलं आहे, तेव्हा हसू नये. आणि पुढच्याच जानेवारीत त्याच सेंट्रल पार्कात २७.५ इंच पडून विक्रम झाला.

तर या सगळ्याचा गाळ म्हणजे आजचा वादळाआधीचा दिवस. रस्त्यावर खारं पाणी मारून गेलेल्या गाडीच्या पांढऱ्या समांतर रेघा, कचऱ्याच्या ट्रकला पुढे लावलेला प्लाऊ (बर्फ ढकलायचं पातं), होम डेपो या हार्डवेअरच्या दुकानात संपलेली फावडी, गॅरेजमध्ये मीठ आहे का त्यावरून नवरा-बायकोची चर्चा, आणि शाळेला सुट्टी असल्याचं सांगणारा पहाटे ५ चा रेकॉर्डेड कॉल. तो कॉल पण आता धोक्यात आलाय, कारण कोविडनंतर ऑनलाइन शाळेची सोय झाली. न्यूयॉर्क शहराने १३ फेब्रुवारी २०२४ ला सुट्टी न देता ऑनलाइन शाळा लावली आणि सकाळी लॉगिनच होईना, पोरं खूश. आमच्या जर्सीत एखाद्या दिवसाच्या बर्फाला ऑनलाइन शाळा वर्षाच्या सक्तीच्या १८० दिवसांत धरत नाहीत, त्यामुळे सुट्टी ती सुट्टीच, पुढे भरून द्यावी लागते एवढंच. म्हणून बर्फाची सुट्टी मिळावी यासाठीचे पोरांचे सगळे विधी आमच्याकडे अजून चालू आहेत, पायजमा उलटा घालून झोपायचं, उशीखाली चमचा ठेवायचा आणि कमोडमध्ये बर्फाचे खडे टाकून फ्लश करायचं. आमच्या फ्रीजरचा ट्रे काल रात्रीच रिकामा झाला.