एका घराला दोनच पाकिटं का? – आमच्या गिऱ्हाइकांसाठी थोडी माहिती

नमस्कार. आपल्या इंदुरातल्या किराणा दुकानात काही नियम आहेत ते नवीन आलेल्या लोकांना विचित्र वाटतात, म्हणजे बाजारात जरा गडबड सुरू झाली की एका घराला तेलाची दोनच पाकिटं, बाजरीचं पीठ एका वेळी अर्धा किलोच, भाजणीवर दळल्याची तारीख पेननं लिहिलेली, आणि यादी आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर. हे सगळं आम्ही 2020 मध्ये कोरोनाच्या काळात शिकलो, म्हणून ते नीट सांगावं असं खूप दिवस मनात होतं.

24 मार्च 2020 ला रात्री 8 वाजता लॉकडाऊन जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. म्हणजे आमच्याकडे श्रीखंडाचा चक्का, वेलची, चण्याची डाळ, गाठी असं सामान भरलेलं, आणि त्या रात्री लोक आले ते तांदूळ, तूरडाळ आणि साखर मागायला. चण्याची डाळ कोणी पुरणासाठी मागितलीच नाही, मागितली ती पाच-पाच किलो, ठेवायला.

तेव्हा आम्हालाही वाटलं की माल संपला म्हणजे माल कमी आहे. तसं नव्हतं. समजा आपल्या दुकानाची 200 घरं आहेत आणि प्रत्येक घर महिन्याला 2 किलो तूरडाळ नेतं, म्हणजे आम्ही 4 क्विंटल ठेवतो. आता भीतीपोटी प्रत्येकानं 5 किलो मागितली तर 80 घरांत डाळ संपते आणि 120 घरं रिकाम्या हाती जातात. सियागंजच्या ठोक बाजारात माल आहे, शेतात पीक आहे, फक्त पिशव्या आधी आलेल्या लोकांच्या घरी जाऊन बसल्यात. आणि मागे कोण राहतं तर ज्यांना रोजच्या कमाईतून पाव-पाव किलो न्यायचं असतं ते, आणि एकटे राहणारे आजी-आजोबा ज्यांना रांगेत उभं राहवत नाही. म्हणून दोन पाकिटांचा नियम, आणि तो ओळखीच्यांनाही लागू आहे, कृपया रागावू नका.

दुसरी गोष्ट इंदुरातच जास्त जाणवली. आपलं अर्धं शहर सकाळी पोहे बाहेर खातं, संध्याकाळी छप्पन दुकान किंवा सराफा, म्हणजे आपल्याकडच्या खाऊगल्ल्या. ते सगळं एकदम बंद झालं, पण खाणं तर बंद होत नाही ना, ते घरात आलं. पोहे, बारीक सेव, बडीशेप आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) यांचा खप असा वाढला की जीरावनच्या पुड्या आम्हाला रात्री बसून बांधाव्या लागल्या. तिकडे हलवायांचा माल पडून होता, कारण त्यांचं तेल येतं 15 किलोच्या डब्यात, मैदा मोठ्या कट्ट्यात, आणि घराला लागतं 1 लिटरचं पाऊच. तोच माल, पण पॅकिंग वेगळं असल्यामुळे इकडचा तिकडे पटकन वळत नाही. दुधाचंही तसंच, चहाच्या टपऱ्या आणि मिठाईवाले बंद म्हणून त्यांचं दूध शिल्लक, आणि घरी दही-पनीर लावणाऱ्यांना जास्त हवंय. बिस्किटांचं तर विचारूच नका, मार्च ते मे 2020 चा पार्ले-जीचा खप मागच्या 8 दशकांतला सगळ्यात जास्त होता असं कंपनीच्याच लोकांनी सांगितलं होतं. स्वस्त, टिकाऊ, चहाबरोबर पोट भरतं, आणि पायी घरी निघालेल्या माणसांना वाटायलाही सोपं.

शिवाय मार्च-एप्रिल म्हणजे माळव्यात वर्षाचे गहू भरायचा सीझन. शरबती आणायचा, निवडायचा, एरंडेल लावून कोठीत भरायचा, त्याच दिवसांत कुरडया, पापड, शेवया. त्या वर्षी हे बऱ्याच घरांचं राहिलं, वर चक्क्या बंद, म्हणून ज्यांनी कधी पाकिटातला आटा घेतला नव्हता त्यांनीही घेतला. त्यातली काही घरं परत गव्हाकडे आली, काही नाही. आमचं मत विचाराल तर जागा असेल आणि निवडायला हात असतील तर गहू भरा, तीन माणसांच्या फ्लॅटमध्ये उगाच कोठी नको.

आता जरा महत्त्वाचं, कारण त्या वर्षी पावसाळ्यात लोक आमच्याकडे किडलेलं सामान घेऊन आले आणि आम्हाला फार वाईट वाटलं. एका काकूंनी 10 किलो रवा भरून ठेवला होता, ऑगस्टपर्यंत सगळ्याला जाळी धरली. साठवायचं असेल तर अख्खं धान्य साठवा, पीठ नाही. गहू, तांदूळ, साबुत मूग कोरडे असले तर महिनोन्‌महिने राहतात, पण एकदा दळलं की आतलं तेल हवेला उघडं पडतं. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांत कडसर लागायला लागतं, म्हणून अर्धा किलो. दाण्याचा कूटही तसाच, दाणे न्या आणि लागेल तेव्हा कुटा. रवा आणला की कोरडा भाजून, पूर्ण गार करून मगच डब्यात भरा, गरम भरलात तर वाफ धरते. नवा माल जुन्यावर ओतू नका, आधी जुना संपवा.

काढ्याबद्दल. आयुष मंत्रालयानं 31 मार्च 2020 ला तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ, मनुका असा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्या असं सांगितलं होतं. लोकांनी मिरे-सुंठ मुठीनं टाकून चार-चार वेळा घेतला आणि मग पोटात जळजळ. आमच्या काढ्याच्या पुडीवर चमच्याचं माप लिहिलंय ते यासाठीच. आणि भाज्या साबणानं किंवा फिनाईलनं धुवू नका, तेव्हा खूप घरांत चाललं होतं, ते पोटात जातं. वाहत्या स्वच्छ पाण्यानं चोळून धुवा, पुरे.

2021 च्या एप्रिल-मेमध्ये लाट परत आली तेव्हा याद्याच बदलल्या. तांदळाची पळापळ नाही, पण मूगडाळ, दलिया, लिंबू, ओआरएस, नारळपाणी, म्हणजे घरोघरी कोणीतरी आजारी आहे हे यादी वाचूनच कळायचं. काही यादीत "दारात ठेवून जा, बेल वाजवू नका" असं लिहिलेलं असायचं. त्यात तेल महाग झालं आणि लोक म्हणायचे सोयाबीन तर आपल्याकडेच पिकतं. पिकतं, पण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोया अर्जेंटिना-ब्राझीलमधून. मलेशियात मळ्यांवर मजूर कमी पडले की इथे सोयाचं पाऊचसुद्धा वाढतं, कारण पाम महागलं की सगळे सोयाकडे वळतात. आम्ही भाव मनानं लावत नाही, खरेदीचं बिल मागितलंत तर दाखवू.

एकटे राहणारे किंवा आजारी असाल तर यादीवर तसं लिहा, ती यादी आम्ही आधी भरतो आणि सामान वरच्या मजल्यावर आणून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. भाजणी मंगळवारी आणि शुक्रवारी दळतो, ताजी हवी असेल तर त्याच संध्याकाळी या.