पूल किती थरथरला ते कळते, किती खचला ते का कळत नाही?

9 जुलै 2025 च्या सकाळी गुजरातेत बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातला गंभीरा पूल मही नदीत कोसळला आणि किमान 20 माणसे गेली. पूल 1985 चा. तेव्हापासून बडोद्यात पुलाचा विषय निघाला की पाठोपाठ प्रश्न येतो: ‘अहो, सेन्सर का लावत नाहीत?’ सेन्सर म्हणजे बहुतेक वेळा त्वरण (वेग किती भराभर बदलतो ते) मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर, कारण तो स्वस्त असतो आणि गाळ्यावर (दोन खांबांमधल्या पुलाच्या भागावर) कुठेही चिकटवता येतो. पुलाची लोड टेस्ट करताना, म्हणजे त्यावर वजन ठेवून पाहताना, गाळा किती वाकला हे डायल गेजने (काट्याच्या मापकाने) मोजतात, पण त्या गेजला खाली न हलणारा आधार लागतो. महीच्या पात्रात तो उभारायचा कुठे? अ‍ॅक्सिलरोमीटरला असा आधार लागत नाही. त्याची मर्यादाही नेमकी त्यातूनच येते.

लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे राहिलात तर सुटतानाचा आणि थांबतानाचा झटका जाणवतो, मजला मात्र झटके जोडत जाऊनच ओळखावा लागतो. यंत्रही तेच करते: त्वरणाचे एकदा संकलन केले, म्हणजे क्षणाक्षणाचे आकडे जोडत गेले, की वेग मिळतो, दुसऱ्यांदा केले की विस्थापन, म्हणजे वस्तू किती सरकली ते.

हा उद्योग भूकंपवाल्यांनी सुरू केला. 10 मार्च 1933 ला कॅलिफोर्नियात लाँग बीचला भूकंप झाला आणि जोरदार हादऱ्यांचे पहिले आलेख हाती आले. पुढची कित्येक दशके असे आलेख फोटोच्या कागदावर किंवा फिल्मवर उमटत आणि त्यांवरून हाताने आकडे काढावे लागत. आपल्याकडचा गाजलेला आलेख 11 डिसेंबर 1967 चा, कोयना धरणाच्या गॅलरीतला. त्यात धरणाच्या लांबीच्या दिशेने 0.63 जी इतके (जी म्हणजे गुरुत्वाचे त्वरण) त्वरण नोंदले गेले.

अशा आलेखावर शून्याची रेषा नेमकी कुठे धरायची, इथे घोडे पेंड खाते. ती एक मिली-जीने, म्हणजे गुरुत्वाच्या हजाराव्या भागाने चुकली, तरी दोनदा संकलन केल्यावर 10 सेकंदांत अर्धा मीटर आणि 60 सेकंदांत साडेसतरा मीटर खोटे विस्थापन तयार होते. 1971 मध्ये त्रिफुनाक या संशोधकांनी बेसलाइन, म्हणजे ही शून्याची रेषा, दुरुस्त करण्याची पद्धत मांडली. संथ बदल फिल्टरने गाळून टाकायचा. त्यामुळे आलेख सरळ झाले, पण वस्तू खरोखरच कायमची सरकली असेल तर तेही गाळाबरोबर गेले.

डिजिटल यंत्रे आल्यावर हे दुखणे संपेल असे वाटले होते. 1985 मध्ये इवान आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जोराच्या हादऱ्यात यंत्राची बेसलाइन स्वतःच सरकते. 1999 च्या तैवानमधल्या ची-ची भूकंपाच्या नोंदी घेऊन बूर यांनी 2001 मध्ये हिशेब केला. दुरुस्ती कोणत्या सेकंदापासून सुरू करायची एवढे बदलले तरी अंतिम विस्थापन खूप बदलत होते. त्याच वर्षी 26 जानेवारीला कच्छचा भूकंप झाला. त्याची अहमदाबादच्या पासपोर्ट कर्मचारी वसाहतीतली 0.106 जीची नोंद कलाभवनातल्या, म्हणजे बडोद्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, सिव्हिलच्या मुलांनी जरूर अभ्यासावी. जवळचे उदाहरण आहे.

पुलावर अडचण आणखी वाढते, ती कशी ते पाहा. समजा, ट्रक 40 मीटरचा गाळा साडेतीन सेकंदांत ओलांडतो आणि गाळा 10 मिलिमीटर वाकून वर येतो. या संथ हालचालीचे त्वरण एक मिली-जीसुद्धा भरत नाही. तोच गाळा सेकंदाला तीन वेळा नुसता एक मिलिमीटर थरथरला तर त्वरण 36 मिली-जी होते. म्हणजे खरे वाकणे दहापट मोठे असूनही यंत्राला थरथरच ठळक दिसते, आणि वर फिल्टर लावला की उरलेसुरले वाकणेही जाते. म्हणून ‘अ‍ॅक्सिलरोमीटरने डिफ्लेक्शन मोजले’ असे कुणी म्हणाले की मी आधी विचारतो, फिल्टर किती हर्ट्झचा होता, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनांपेक्षा संथ हालचाल त्याने गाळली?

2007 मध्ये स्मिथ आणि वू यांनी कालमन फिल्टर (वेगवेगळ्या मापांचा मेळ घालणारी गणिती रीत) वापरून वेगळी वाट दाखवली. सेकंदाला मोजकीच मापे देणारे विस्थापनाचे साधन आणि भराभर मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर या दोघांचे आकडे त्यांनी एकत्र केले. आता जीपीएस, कॅमेरा, स्ट्रेन गेज (ताण पडल्यावर होणारा बारीक बदल मोजणारे साधन) यांचीही जोड देतात. शून्य एकाने सांभाळायचे, थरथर दुसऱ्याने.

गंभीराच्या प्राथमिक तपासणीत पेडेस्टल (गाळ्याखालचा बैठकीचा ठोकळा) आणि सांधा चुरडल्याचे कारण पुढे आले. तिथल्या संथ खचण्यासाठी लेव्हल किंवा कल मोजणारे साधन हवे. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) लोड टेस्टमध्येही वजन उतरवल्यावर 24 तासांत प्रीस्ट्रेस्ड (आधीच ताणलेल्या तारांच्या काँक्रीटचा) गाळा किमान 85 टक्के आणि आरसीसी (साध्या सळ्यांच्या काँक्रीटचा) गाळा 75 टक्के पूर्ववत व्हावा लागतो. हा निकष एकट्या अ‍ॅक्सिलरोमीटरने तपासता येत नाही.