लांब लूप चालू असताना ग्राफिकल इंटरफेस जागता ठेवणे

एखादा प्रोग्राम दीर्घ गणन करीत असतानाही त्याच्या खिडकीने माउसला आणि कळफलकाला विनाविलंब दाद द्यावी, यासाठी त्या कामाची करावी लागणारी विशेष मांडणी.

बहुतेक ग्राफिकल प्रणालींत खिडकीचे सारे काम एकाच थ्रेडवर, म्हणजे सूचना एकापाठोपाठ पार पाडणाऱ्या एकाच धाग्यावर, चालते. क्लिक, दाबलेली कळ, खिडकी पुन्हा रंगवण्याची मागणी अशा घटना रांगेत जमा होतात आणि इव्हेंट लूप त्या एकेक उचलून संबंधित फंक्शनकडे सोपवतो. त्या फंक्शनातच लाखो नोंदी वाचणारा लूप (त्याच सूचना पुन्हा पुन्हा पार पाडणारा कोड) लिहिला, तर तो संपेपर्यंत रांग तुंबून राहते. प्रगतिपट्टी हलत नाही आणि ‘रद्द करा’ हे बटण नेमके गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरते. विंडोजमध्ये सुमारे ५ सेकंद रांगेकडे न पाहणाऱ्या खिडकीच्या शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे उमटते. विंडोज ३.१ मध्ये तर एका प्रोग्रामने ताबा सोडला नाही, तर इतर प्रोग्रामही अडून राहत.

सर्वांत जुना आणि आजही मोहात पाडणारा उपाय म्हणजे लूपच्या मध्येच साचलेल्या घटना निपटणे. व्हिज्युअल बेसिकमधील ‘डूइव्हेंट्स’, क्यूटी या खिडक्या बनवण्याच्या साधनसंचातील ‘प्रोसेसइव्हेंट्स’ आणि पायथनच्या टीकेइंटर या तशाच संचातील ‘अपडेट’ हेच करतात. एका ओळीत काम भागते, पण त्यात खरा धोका आहे: लूप अर्धवट असताना वापरकर्ता तेच बटण पुन्हा दाबू शकतो, तेच फंक्शन स्वतःच्याच पोटात दुसऱ्यांदा सुरू होते आणि दोन्ही फेऱ्या एकाच माहितीवर हात चालवतात. म्हणून हा मार्ग पत्करलाच, तर निदान ते बटण आधी निष्क्रिय करावे.

कामाचे तुकडे पडत असतील, तर एक तुकडा उरकून पुढच्याची नोंद टायमरकडे करणे अधिक सुरक्षित. टीकेइंटरमधील ‘आफ्टर’ यासाठीच उपयोगी पडते. ०.१ सेकंदाच्या आतला प्रतिसाद माणसाला तात्काळ वाटत असल्याने तुकडा त्याहून बराच लहान असावा.

तुकडे न पडणारे काम वेगळ्या थ्रेडवर न्यावे. मात्र त्या थ्रेडने खिडकीतील घटकांना थेट हात लावू नये; निकाल मुख्य थ्रेडकडे संदेशाने पाठवावा. क्यूटीमधील सिग्नल आणि जावाच्या स्विंग या खिडकी-संचात जावा ६ पासून मिळालेला ‘स्विंगवर्कर’ ही देवघेव सांभाळतात. प्रचलित पायथनमध्ये जागतिक कुलुपामुळे (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारी ‘जीआयएल’ ही व्यवस्था) शुद्ध गणनाचे थ्रेड एकमेकांना अडवतात, तेव्हा स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे वेगळा चालणारा प्रोग्राम, बरी. प्रगतीचा संदेशही प्रत्येक फेरीला पाठवू नये, कारण संदेशांच्या गर्दीनेच रांग पुन्हा तुंबते. सेकंदाला दहा-वीस संदेश पुरतात.