हिरवी कॅप्सूल आणि पांढरं मलम

व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल सगळ्यांना ठाऊक आहे. टाचणीने टोचायची, आतलं तेल खोबरेलात मिसळून केसांना लावायचं नाहीतर कोरफडीच्या गरातून चेहऱ्याला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परळला ड्रेसिंगच्या खोलीत मी कित्येक वर्षं एकच वाक्य ऐकते आहे: "सिस्टर, मलम संपलं म्हणून कॅप्सूल फोडून लावली. कातडीला चांगलीच ना?" आणि पट्टी सोडते तर जखम चिघळलेली, हिरवट पाणी, वास.

मलम म्हणजे भाजलेल्या जखमेवर लावायचं १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचं, पांढरं. चांदी जंतूचं आवरण आणि डीएनए बिघडवते, सल्फाडायझिन त्याला वाढीसाठी लागणारं फॉलिक आम्ल बनवू देत नाही. व्हिटॅमिन ईचं काम वेगळंच. खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून त्यात टोकोफेरॉल घालतात ना, तेच हे. आपल्या पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांशालाही ते तसंच जपतं. पण खवटपणा रोखणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं. दोन्हींना आपण "जखम बरी करणारं" म्हणतो, गोंधळ तिथेच होतो.

भाजलेल्या जखमेत हा फरक जास्तच महागात पडतो. खोल भाजलं की वरची कातडी मरते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या बंद होतात. मग पोटात घेतलेलं प्रतिजैविकही तिथवर नीट पोचत नाही. म्हणून जंतू मारणारं औषध वरूनच लावावं लागतं, मेलेली कातडी काढावी लागते. अशा ठिकाणी टाचणीने फोडलेल्या, निर्जंतुक नसलेल्या कॅप्सूलचं तेल चोळलं तर जंतूंना काहीच होत नाही. वाया जातात ते आपले दोन-तीन दिवस.

भाजलेल्या रुग्णाला डॉक्टर पोटातून व्हिटॅमिन ई देतात, ते पोषणासाठी. त्याचा या चोळण्याशी संबंध नाही.

"मग जखम भरल्यावर डागासाठी?" तिथेही मी नकोच म्हणते. १९९९ साली शस्त्रक्रियेच्या ताज्या व्रणांवर व्हिटॅमिन ई लावून १५ जणांत हे तपासलं होतं. सुमारे ९० टक्के व्रणांत फरक पडला नाही किंवा ते आणखी वाईट दिसले, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांना पुरळ-खाज उठली. अभ्यास छोटा आहे, पण मी सिलिकॉनची पट्टीच सुचवते.

मलमही स्वतःच्या मनाने लावायचं नाही. सल्फाची ॲलर्जी असेल, गरोदरपणाचे शेवटचे दिवस असतील किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर नको. उथळ, स्वच्छ जखमेला तर साधं ड्रेसिंगच बरं. मलमामुळे जखमेवर राखाडी-पांढरा थर धरतो, त्याला पू समजून घाबरू नका. तो धुवून काढायचा आणि मगच नवं मलम लावायचं. पण भोवतीची लाली पसरत असेल, ठणका वाढत असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नवी मुंबईत ऐरोलीला तर फक्त भाजलेल्यांसाठीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे.