तीन नंबरचा बावटा आणि अडलेली फाईल

एप्रिलमध्ये मामांच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसते. एका अंगाला आंब्याची अढी, दुसऱ्या अंगाला गवत आणि रिकाम्या पेट्या, खिडकीपाशी जुना संगणक. वाशीला किती पेट्या गेल्या, कुणाकडून किती येणं आहे, सगळं त्या संगणकात. ऐन मोसमात त्या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये चूक निघाली. प्रोग्रॅम लिहून देणारा मुलगा चिपळूणचा. त्याने रात्रभर बसून दुरुस्ती केली आणि नवी फाईल ई-मेलने धाडली. ती पोचलीच नाही. 'सुरक्षेच्या कारणास्तव संदेश अडवला आहे', एवढंच उत्तर त्याला आलं. मामा फोनवर म्हणाले, "अरे मेल्या, माझी पेटी वाशीला पोचते नि तुझी फाईल चिपळुणातनं येत नाय?"

मग त्याने फाईल झिपमध्ये, म्हणजे फायली दाबून बांधायच्या गाठोड्यात, घातली आणि झिपला पासवर्ड लावला. तीही अडली. पासवर्ड लावला तरी कसं कळलं, असं मामांनी मला विचारलं. उत्तर त्यांच्या पेट्यांवरच होतं. पेटी खिळे ठोकून बंद असते, पण वर काळ्या शाईने मार्का आणि डझनांचा आकडा लिहिलेला असतो. साध्या झिपचं तसंच आहे. आतला मजकूर कुलपात जातो, पण आतल्या फायलींची नावं बाहेरून वाचता येतात. नावाच्या शेवटी 'डॉट ईएक्सई' दिसलं की मेलसेवा समजते, आत चालणारा प्रोग्रॅम आहे.

तिसऱ्या वेळी त्याने आधी फाईलच्या नावाचं शेपूटच बदलून 'डॉट आंबा' केलं, मग झिप करून पासवर्ड लावला आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिला. ही फाईल बिनबोभाट आली.

या तीन फेऱ्यांत सुरक्षितता वाढली कुठे? उलट जी फाईल शेवटी पोचली ती कुणीच तपासलेली नव्हती. कुलपामुळे मेलसेवेला आतलं दिसलं नाही आणि आमच्याकडे तपासायचं साधन नव्हतं. वर मामांना सवय लागली ती वेगळीच, की पासवर्डवाली झिप आली की मेलमधला पासवर्ड घालून उघडायची. 'इमोटेट' नावाच्या घातक प्रोग्रॅमच्या टोळीने २०२० मध्ये नेमकी हीच युक्ती वापरली होती. कुलूपबंद झिप, आणि किल्ली त्याच मेलमध्ये.

तरीही बंदी घालणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ई-मेल मुळात भोळी आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी तिच्या देवाणघेवाणीचे नियम लिहिले, तेव्हा पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं धरायचं, अशीच रीत होती. १९९२ मध्ये 'माईम' हे मानक आलं आणि पत्रासोबत कुठलीही फाईल जोडण्याची सोय झाली. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' हा व्हायरस आला. वर्डची फाईल उघडली की तो अ‍ॅड्रेस बुकातल्या पहिल्या ५० पत्त्यांवर आपसूक रवाना व्हायचा. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' हा दुसरा तसलाच प्रोग्रॅम पसरला. त्याच्या फाईलचं खरं शेपूट 'डॉट व्हीबीएस', म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, पण विंडोज शेवटचं शेपूट लपवत असे, म्हणून लोकांना त्याआधीचं 'डॉट टीएक्सटी' दिसायचं. साधं पत्र समजून लोकांनी ते उघडलं. लगेच पुढच्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने आऊटलुक या आपल्या मेलच्या प्रोग्रॅमसाठी सुधारणा काढली. चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडफायली त्यानंतर दिसेनाशाच झाल्या. घरच्या वापरकर्त्याला ती बंदी उठवायची सोयच नव्हती. पुढच्या आवृत्त्यांत किल्ली दिली, पण ठेवली विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सामान्य माणसाचा हात पोचणार नाही अशा कोनाड्यात.

आमच्याकडे समुद्राच्या बाबतीत दोन वेगळे नियम आहेत आणि मला ते इथे नेहमी आठवतात. वारा उठणार असला की बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. तो इशारा असतो, तांडेल आभाळ बघतो, बोट बघतो आणि ठरवतो. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक बोटींची मासेमारीबंदी मात्र वेगळी. तिथे कुणी तांडेलाला विचारत नाही, कारण त्या दिवसांत मासळीची वीण असते, आणि एकाने जाळं टाकलं तर तोटा साऱ्या किनाऱ्याचा.

मेलमध्ये हे दोन्ही एकात एक मिसळलेत. मामांच्या संगणकात मेलिसासारखं काही शिरलं, तर मामांच्या नावाने वाशीच्या प्रत्येक व्यापाऱ्याला मेल जाईल. म्हणून तिथे बंदी मला पटते. पण मेलमधली चित्रं दाखवायची की नाही, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या खाजगीपणाचा. जाहिरातीच्या मेलमध्ये एका ठिपक्याएवढं अदृश्य चित्र असतं. ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून येतं, म्हणून तुम्ही मेल कधी उघडली हे त्याला कळतं. थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्रॅम ही बाहेरची चित्रं आधी अडवून धरतो, वर एक पट्टी दाखवतो आणि तिथेच विचारतो: या वेळी दाखवू, की या माणसाची नेहमीच दाखवू? जीमेल २०१३ च्या डिसेंबरपासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा ठावठिकाणा, पाठवणाऱ्याला मिळत नाही. शिवाय दाखवण्याआधी विचारावं अशी सेटिंगही आहे. माझ्या मते थंडरबर्डची ती पट्टी हा या क्षेत्रातला सगळ्यात समंजस तोडगा आहे, कारण दार आधी बंद असलं तरी कडी आतून आहे.

मग सगळीकडेच विचारत का बसू नये? कारण रोज चढणाऱ्या बावट्याकडे कुणी बघत नाही. आऊटलुकच्या त्याच सुधारणेनंतर दुसरा एखादा प्रोग्रॅम अ‍ॅड्रेस बुकाला हात लावायला गेला की परवानगीची खिडकी उघडे. दिवसातून चारदा ती आली की माणूस न वाचता 'होय' दाबतो. मेंदूचे स्कॅन घेऊन संशोधकांनी हे तपासलंय. तीच सूचना पुन्हा पुन्हा दाखवली की दृष्टीशी निगडित भागांचा प्रतिसाद भराभर घटतो. यात आळशीपणा नाही, ओळखीच्या गोष्टीवर शक्ती खर्च न करणं ही मेंदूची रीतच आहे.

जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच संगणक सुरक्षेची तत्त्वं मांडताना दोन गोष्टी एकाच यादीत लिहिल्या होत्या. मुळात नकार असावा, परवानगी दिली तरच दार उघडावं. आणि संरक्षण वापरायला इतकं सोपं असावं की माणूस ते सहज, बिनचूक वापरेल. पन्नास वर्षांत पहिलं तत्त्व उचललं गेलं, दुसरं अजून अर्धवट आहे. मामांच्या मेलला 'अडवला' म्हणण्याऐवजी 'या फाईलसाठी अमुक रस्ता वापरा' असं दोन ओळींत सांगितलं असतं, तर 'डॉट आंबा' करायची वेळच आली नसती.

असा रस्ता आहे. यंदा चिपळूणच्या मुलाने फाईल स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली आणि तिचा 'शा-२५६' ठसा काढला. कुठल्याही फाईलचा असा ६४ अक्षरांचा ठसा विंडोजमध्ये एका आज्ञेने निघतो, आणि फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. मामांनी फाईल उतरवली, मी आज्ञा दिली, पडद्यावर आकडे आले. मग फोन लावला. तिकडून मुलगा वाचत होता, "नऊ, एफ, दोन, दोन, ए..." आणि मामा चष्मा कपाळावरून खाली ओढून, पेट्या मोजतात तसं बोटाने एकेक अक्षर पुढे सरकवत होते. सदतिसाव्यावर ते थांबले. "आठ की बी?" "बी, मामा." "हां, बी." चौसष्टावं जुळलं तेव्हा विंडोजने एकदा विचारलंच, हा प्रोग्रॅम चालवायचा का? मामांनी ती खिडकी शेवटपर्यंत वाचली आणि 'होय' दाबलं.