ते रंगीत घुमट म्हणजे क्रेमलिन नव्हे

मॉस्कोच्या फोटोत कांद्याच्या आकाराचे रंगीत घुमट दिसले की खाली हमखास लिहिलेलं असतं, 'हे क्रेमलिन'. गोंधळ साहजिक आहे. बातमी क्रेमलिनची आणि चित्र बहुधा याच घुमटांचं असतं.

पण ते आहे सेंट बेसिल कॅथेड्रल, १५५५ ते १५६१ दरम्यान बांधलेलं चर्च. क्रेमलिन म्हणजे कोट, आपल्याकडच्या बालेकिल्ल्यासारखा. म्हणून तर रशियातल्याच कझान शहरालाही क्रेमलिन आहे. मॉस्कोतल्या कोटाला सव्वादोन किलोमीटरचा लाल विटांचा तट आणि २० बुरूज आहेत.

खात्री करायची तर उपग्रह नकाशा उघडा. नदीकाठी त्रिकोणी तट दिसेल आणि हे घुमट त्याच्या बाहेर, लाल चौकाच्या दक्षिण टोकाला. तटाच्या आतही चर्च आहेत, पण त्यांचे घुमट बरेचसे सोनेरी.